भिंतीवरून उतरवलेला डॉक्टर

डोळ्यातलं भिंग सुईनं तळाला ढकलून दिलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तोही नागपूरच्या मेडिकलमध्ये नाही, परभणीला नाही, तर जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या आमच्या क्लिनिकच्या तातडीच्या विभागात. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, इतकी वर्षं डोळे कापलेत, काय लक्षात राहिलं? मोतीबिंदू तर पोत्यानं काढले, त्यांतला एकही आठवत नाही. आठवतो तो हा एक, आणि त्याच्यापाठोपाठ आमच्या सभागृहात जे घडलं ते. तो हिवाळा मनातून जात नाही.

आधी ते भिंग तळाला ढकलणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वय झालं की ते गढुळतं, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. आज आम्ही ते काढून टाकतो आणि जागेवर नवं बसवतो. पण भूल नव्हती, टाके नव्हते, तेव्हा काढणार कसं? म्हणून जुन्या काळी डोळ्यात सुई घालून ते गढूळ भिंग नुसतं खाली लोटून द्यायचे. ते डोळ्याच्या आत तळाला जाऊन पडायचं. वाटेतला दगड बाजूला केल्यासारखा उजेड आत शिरायचा आणि आंधळ्याला लगेच दिसायला लागायचं. लोक पाया पडायचे. पण दगड घरातच राहिलेला असतो. पुढे कधी डोळा सुजतो, कधी पू होतो, कधी दाब वाढतो. सुई लावणारा तोवर पुढच्या गावाला गेलेला असतो.

ही शस्त्रक्रिया आपल्या प्राचीन शल्यग्रंथांत सविस्तर दिलेली आहे. हे मला आमच्या कॉलेजात एका ओळीत सांगितलं होतं. ती सविस्तर वाचायला मिळाली जर्मनीत, एका जर्मन माणसाच्या पुस्तकात.

त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या क्लिनिकमध्ये सगळे त्याला ‘डेर आल्टे’ म्हणायचे, म्हणजे म्हातारबाबा. एकोणिसाव्या शतकातला बर्लिनचा नेत्रवैद्य. आमचं क्लिनिक त्याच्या एका विद्यार्थ्यानं काढलेलं, म्हणून त्याचं तैलचित्र दुसऱ्या मजल्यावर, ओपीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर लावलेलं होतं. पांढरी दाढी, बारीक डोळे, आणि चेहरा असा की रुग्णानं उशीर केला तर रागावणार. चित्राखाली नाव नव्हतं. मला ते कधी खटकलं नाही. सगळ्यांना माहीतच आहे, असं वाटायचं.

त्यानं बरंच काही केलेलं. स्वतःचा दवाखाना काढला, गोरगरिबांना फुकट तपासलं. कारखान्यांमध्ये लोखंड घासणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत ठिणगीबरोबर लोखंडाचे कण घुसत, आणि तेव्हा त्यांचा डोळाच काढायची पाळी यायची. यानं विजेवर चालणारा चुंबक डोळ्याशी लावला आणि आलेल्या वाटेनंच कण बाहेर ओढून काढला. हे सगळं करून दमायच्या वयात त्यानं इतिहास लिहायला घेतला, जगातल्या डोळ्यांच्या वैद्यकीचा. ग्रीकांनी काय केलं, अरबांनी काय केलं, भारतात काय होतं. अरबी वैद्यांचं मुळातून वाचायचं म्हणून प्रौढ वयात अरबी शिकला. जपान, हिंदुस्थान हिंडून आला. खंडामागून खंड लिहीत राहिला. जुन्या जर्मन वळणाची छपाई, अक्षरं अशी की पानावर डास चिरडल्यासारखी. मी ती शिकले केवळ त्याच्यामुळे. प्रत्येक शोध ज्याचा त्याच्या नावावर लावायचा, हा त्याचा हट्ट पानापानावर दिसतो. एखाद्यानं दुसऱ्याची पद्धत आपल्या नावावर खपवली असेल तर तीनशे वर्षांनंतरही त्याची याच्या हातून सुटका नाही.

त्या वर्षी क्लिनिकचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. आमच्या शेफिन, म्हणजे विभागप्रमुख प्रोफेसर हार्टविग, मला म्हणाल्या, “डेर आल्टेवर तुम्हीच बोला. भारताबद्दल त्यानं इतकं लिहिलंय. तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटेल.”

मी फुशारले. खोटं कशाला बोलू? परदेशात अनेक वर्षं ‘तुमच्याकडे दवाखाने असतात का?’ छापाचे प्रश्न ऐकल्यावर, तुमचा म्हातारबाबाच सांगतोय की सुई बहुधा आमच्याकडून निघाली, हे भर सभेत म्हणायला कुणाला आवडणार नाही? मी भाषणाची सुरुवातही ठरवून टाकली होती.

आणि भाषणाच्या आधल्या आठवड्यात आबा आले.

प्रवीण नावाचा मुलगा झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता. आंबेडकर जयंतीला आम्ही चार घरं जमायचो, तिथली ओळख. त्याचे वडील पहिल्यांदाच व्हिसा काढून आले होते. सकाळी प्रवीणचा फोन आला. “ताई, आबांचा डोळा लालभडक झालाय. डोकं धरून बसलेत, उलट्या होतायत. आणि त्यांना काहीच दिसत नाहीये. म्हणजे काहीच.”

“दुसऱ्या डोळ्यानं?”

“दुसरा नाहीच ना, ताई. तो केव्हाच गेलाय.”

मी म्हटलं, गाडी काढ आणि थेट इकडे ये.

आबा म्हणजे उंच, वाळलेले, परभणीकडच्या खेड्यातले गृहस्थ. डोक्याला मफलर, अंगात प्रवीणचं जाडजूड जॅकेट. नातीचे बूट बांधायला खाली वाकले आणि डोळ्यात एकदम काहीतरी ‘लवंडलं’ असं त्यांनी सांगितलं. मला पाहून एवढ्या वेदनेतही हात जोडले. “जयभीम, बाई. लेकराला उगं घोर लागला.”

त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड होता. आमच्या पिढीच्या डॉक्टरला असा चष्मा बघितला की कळतं, जुन्या पद्धतीनं मोतीबिंदू काढलेला आहे आणि नवं भिंग बसवलेलं नाही. प्रवीणनंही तेच सांगितलं, “माझ्या लहानपणी सरकारी शिबिरात ऑपरेशन झालंय.”

मी आबांची हनुवटी तपासायच्या यंत्रावर, स्लिट लॅम्पवर टेकवली, उजेडाची चीर डोळ्यावर टाकली, आणि मागे सरकले.

बाहुलीच्या मागे नव्हे, पुढे, बुबुळाच्या काचेला चिकटून एक तपकिरी गोळा बसला होता. चिंचोक्यासारखा. तेच ते भिंग, जे शिबिरात काढलेलं म्हणून सांगितलं होतं. मी डोळ्याची वरची कड शोधली. ऑपरेशन झालं असेल तर तिथे कापल्याचा व्रण असायलाच हवा, कितीही वर्षं होवोत. व्रण नव्हता. बाजूला, पांढऱ्यावर, सुई टोचल्याचा एवढासा डाग होता.

मी पुन्हा पाहिलं. आठ दिवस मी ज्या पानात डोकं घालून बसले होते ते पान माझ्यापुढे श्वास घेत होतं आणि कण्हत होतं.

मी प्रोफेसर हार्टविगना बोलावलं. त्यांनी पाहिलं. वर बघून म्हणाल्या, “हे शक्य नाही.” मग पुन्हा पाहिलं. “आल्झो... म्हणजे, हे मी फक्त त्याच्या पुस्तकात पाहिलंय.” पाच मिनिटांत मजल्यावरचे सगळे ज्युनियर दारात. एकजण पुटपुटला, “दोन हजार साल उलटलं तरी असं?” मी त्याला बाहेर जायला सांगितलं. आबांना शब्द कळत नव्हते, पण गर्दी कळत होती.

काय झालं होतं ते सोपं होतं. इतकी वर्षं तळाला पडून राहिलेलं भिंग वाकल्यावर घरंगळून बाहुलीतून पुढे आलं होतं आणि डोळ्यातलं पाणी निघून जायची वाट त्यानं बुजवली होती. दाब भयंकर वाढला होता. असाच राहिला तर मागची नस मरते, आणि मेलेली नस कुणालाही परत आणता येत नाही. एकुलता एक डोळा. थांबायला वेळ नव्हता.

अडचण अशी की माणूस ऑपरेशनला उताणा झोपतो. उताणा झोपला की भिंग पुन्हा मागे, तळाला जाणार. तिथून ते काढणं म्हणजे विहिरीत पडलेली किल्ली काढणं, आणि ते करताना डोळ्याचा पडदा फाटू शकतो. म्हणून आधी शिरेतून औषध देऊन दाब उतरवला, थेंब टाकून बाहुली आवळली, म्हणजे भिंगाला परतीचं दार बंद. तोवर आबांना मान खाली घालून बसवलं. ते निमूट बसले. इतका निमूट रुग्ण मी पाहिलेला नाही.

“तुम्हीच करा,” शेफिन म्हणाल्या. “त्यांच्याशी बोलायला लागेल. मी शेजारी आहे.”

टेबलावर आडवं केलं आणि मायक्रोस्कोपमधून मला दिसलं की भिंगाची एक कड मागे बुडतेय. इतक्या वर्षांत बाहुलीच्या कडेचा ताण गेला होता, ती सैल पडली होती. शेफिननं टेबलाची डोक्याकडची बाजू उचलायला सांगितली. मी म्हटलं, “आबा, हनुवटी छातीकडं घ्या. हळू. खोकू नका.”

“न्हाई खोकत.”

“श्वास चालू ठेवा.”

“तू तुजं काम कर, बाई. म्या हाय हितंच.”

कड वर आली. मी काप घेतला, भिंगाखाली दाट जेल सोडली, त्याच्यावर ते तरंगलं. मग तारेचा फासा अलगद खाली सरकवला आणि उचललं. ते बाहेर आलं, कठीण, तपकिरी, अखंड. नर्सनं ते वाटीत घेतलं तेव्हा टक् असा आवाज झाला. तो आवाज ओपीतल्या सगळ्यांनी ऐकला. शेफिननं माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आबा म्हणाले, “चष्मा द्या माजा.” तो लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि प्रवीणला विचारलं, “दाढी काहून केली न्हाईस?” प्रवीण तोंड फिरवून रडायला लागला.

मग मी विचारलं. विचारणं भाग होतं, कागदावर लिहायचं होतं, आणि मलाही कळायला हवं होतं. “आबा, हे शिबिरात झालेलं नाही. कुणी केलं?”

प्रवीण म्हणाला, “म्हणजे काय? शिबिरातच झालंय. आबा?”

आबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ते सांगायला लागले. “गेलतो शिबिराला. तालुक्याच्या शाळंत व्हतं. आमच्या वस्तीच्यांना लिंबाखाली बसवलं, म्हणलं समद्यायचं झालं की तुमचं. बसलो. दिवस कलला. मंग बोलावलं. डॉक्टर आत व्हता, त्यो कसा व्हता काय म्हाईत, त्याच्यापत्तोर गेलोच न्हाई. बाहीर एकजण डोळ्यात दवाई टाकायचा. बाकीच्यायची पापणी धरून टाकायचा. माजं गाव, आडनाव इचारलं अन् बाटली हितनं धरली,” आबांनी हात डोक्याच्या खूप वर नेला. “म्हणला, तुजी पापणी तूच धर. दवाई गालावर पडली, कानात गेली. परत टाकली, नाकावर. लोक हसाया लागले. म्या उठलो अन् चालाया लागलो.”

आबांनी मफलर सारखा केला.

“मंग त्या साली एक सुईवाला आला वस्तीवर. फिरता. त्यानं इचारलं न्हाई काई. माजं डोस्कं मांडीवर घेतलं, बाई. मांडीवर. अन् म्हणला, भिऊ नगं, बाबा. लगीच दिसलं. म्या त्याच्या पाया पडलो. दुसऱ्या वर्साला दुसरा डोळा केला, त्यो पिकला, गेला. त्यो काई परत आला न्हाई.”

“आबा,” प्रवीण म्हणाला, “मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?”

“तू बारका व्हतास. डॉक्टर व्हईन म्हणायचास. दवाखान्यात असं असतं म्हणून तुला कसं सांगू?”

मी बाहेर आले. आमच्या घरात मी पहिली डॉक्टर. नागपूरला काही ऐकलं नव्हतं असं नाही. होस्टेलवर, जेवताना, व्हायव्हाला. पण पापणी! डोळ्यांच्या कामातली ती पहिली गोष्ट आहे, रुग्णाची पापणी आपल्या अंगठ्यानं उचलणं. तिथूनच पुढचं सगळं सुरू होतं. ती उचलायला एका माणसानं नकार दिला आणि त्यापायी दुसऱ्या माणसाचे दोन्ही डोळे सुईखाली गेले. मी कॉरिडॉरमध्ये म्हातारबाबाच्या चित्रासमोर उभी राहिले आणि मला एवढंच कळत होतं की ठरवलेलं भाषण आता मला करता येणार नाही.

पण भाषण होतंच. आबांना मी विचारलं, तुमच्या डोळ्याचं सांगू का, नाव न घेता? ते म्हणाले, “नाव घेऊन सांग. म्या येतो ऐकाया.”

वर्धापनदिन दुपारी होता. सभागृह भरलेलं. डॉक्टर, नर्सेस, गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि पहिल्या रांगेत क्लिनिकचे निवृत्त डॉक्टर. त्यांत सगळ्यांत वयोवृद्ध डॉक्टर फॉस, नव्वदीला टेकलेले, काठीवर हात ठेवून बसलेले. एकेकाळचे इथले मोठे सर्जन. अर्धं शहर त्यांनी तपासलेलं. त्यांच्यामागे प्रवीण, त्याची बायको स्मिता, त्यांची छोटी आणि आबा.

मी बोलले. म्हातारबाबाचा दवाखाना, चुंबक, अरबी शिकणं, आपल्या ग्रंथांबद्दल त्यानं किती आदरानं लिहिलंय, ते सगळं. आणि मग सांगितलं की ज्या सुईचा मला अभिमान होता ती परवा मी एका डोळ्यात पाहिली, आणि ती तिथे का गेली. लिंबाचं झाड सांगितलं, बाटली सांगितली. जर्मन श्रोते शिस्तीचे, खोकतसुद्धा नाहीत. पण त्या दिवशीची शांतता शिस्तीची नव्हती. शेवटी मी म्हटलं, या इतिहासकारानं प्रत्येकाला त्याचं श्रेय दिलं, माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा हे न बघता. एवढं म्हणून मी खाली बसणार, तोच डॉक्टर फॉस उठले.

त्यांना उठायला वेळ लागला. शेजारच्यानं हात दिला तो त्यांनी बाजूला केला.

“बाईंनी एक गोष्ट सांगितली नाही,” ते म्हणाले, “कारण त्यांना ती माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही. आधी एक आठवण करून देतो, डेर आल्टे ज्यू होता.”

काहींनी माना हलवल्या. ते माहीत होतं. नाझी यायच्या आधीच तो वारलेला, हेही माहीत होतं.

“नाझी आल्यावर ते चित्र भिंतीवरून काढलं गेलं होतं. मी इथे नवा असिस्टंट होतो. त्या वेळचे प्रमुख जाता जाता म्हणाले, ते चित्र तिथे बरं दिसत नाही. बस, एवढंच. हुकूम नाही, कागद नाही, गणवेशातला कुणी आला नाही. मी शिडी आणली आणि काढलं. मला कुणी जबरदस्ती केली नाही. तळघरात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. खालची नावाची पितळी पट्टी उचकटली, ती भंगारात दिली.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “त्याचे सगळे खंड मी वाचलेले होते. माझ्या प्रबंधात त्याच्यातली पानंच्या पानं आहेत. नाव एकदाही नाही. मला डॉक्टरेट मिळाली.”

या माणसाला दर ख्रिसमसला क्लिनिकतर्फे फुलं जायची. मी स्वतः त्यांच्याकडून टाके घालायची एक पद्धत शिकले होते. मला मायक्रोफोन बंद करावा की नाही तेही सुचेना.

आबांनी प्रवीणला ढोसलं. “काय म्हणतेत ते बाबा?”

प्रवीणनं कानात सांगितलं. आबा ऐकत राहिले. मग हात वर केला, शाळेतल्यासारखा. माझ्याकडे बघून म्हणाले, “त्यायला इचार बाई, परत कुणी लावलं?”

मी जर्मनमध्ये विचारलं.

डॉक्टर फॉस आबांकडे वळले. “कुणीच नाही,” ते म्हणाले. “लढाईनंतर इमारत दुरुस्त झाली. रंगाऱ्यांनी तळघरातल्या चौकटी वर आणल्या आणि मोकळे खिळे दिसले तिथे टांगल्या. आम्ही सगळे त्याच्या खालून ओपीत जायला लागलो. कुणी काही बोललं नाही. काढतानाही नाही, लागल्यावरही नाही.”

ते खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. नंतर कॉफी आणि केक होता, पण लोक बशा हातात धरून उभे होते आणि बोलत हवेबद्दल होते. डॉक्टर फॉसच्या भोवती मोकळी जागा पडली होती. त्या जागेत फक्त आबा जाऊन बसले. भाषा नव्हती. मी जवळ गेले तेव्हा आबा आपल्या बशीतला केक डॉक्टर फॉसकडे सरकवत होते, खा म्हणून.

घरी जाताना आबा मला म्हणाले, “त्यो बाटलीवाला असं कधी उठून बोलंल का, बाई?” ते मार्चमध्ये गावी परतले. डोळा चांगला राहिला.

नावाच्या पाटीचं पुढे सांगायला हवं. चित्राखाली नाव लावायचं हे तर सगळ्यांना पटलं. पण जर्मनीत भिंतीला भोक पाडायचं म्हणजे इमारतीच्या वारशाचं बघणारं खातं, आगीचं बघणारं खातं आणि आमचं व्यवस्थापन, तिघांचं एकमत लागतं. ते झाल्यावर मजकुरावर अडलं. शेफिनला हवं होतं की चित्र काढलं गेलं होतं हेही लिहावं. व्यवस्थापन म्हणालं, कशाला? नाव, जन्ममृत्यू, ‘नेत्रवैद्य आणि इतिहासकार’, पुरे आहे. बैठक चालू होती तिथे डॉक्टर फॉसना मुद्दाम बोलावलं होतं, ते समजुतीचं काही बोलतील या आशेनं.

ते म्हणाले, “लिहा. आणि ‘काढलं गेलं’ असं लिहू नका. गेनाऊ, नेमकं लिहा. कुणी काढलं ते लिहा. माझं नाव लिहा.”

व्यवस्थापक म्हणाले, “हेर डॉक्टर, तुमच्या घरच्यांचा विचार करा.”

“त्या माणसानं तीनशे वर्षांपूर्वीच्या चोरांची नावं लिहिलीत,” ते म्हणाले. “त्याच्या चित्राखाली तुम्ही आता वाक्यातून कर्ता गाळणार?”

पाटी लागली. वर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत. खाली लहान अक्षरांत, या क्लिनिकचे डॉक्टर अमुक फॉस यांनी हे चित्र उतरवलं आणि त्याचं नाव काढून टाकलं, असं एक वाक्य. पाटी लागली तेव्हा ते आजारी होते, बघायला आले नाहीत. नंतर दोनेक महिन्यांत गेले.

अंत्यविधीनंतर त्यांची मुलगी क्लिनिकमध्ये आली. साठीच्या पुढची, काळा कोट, हातात छत्री. रिसेप्शनवर तिनं माझं नाव घेतलं म्हणून मी खाली गेले. ती म्हणाली, “ती पाटी मला बघायची आहे.” मी तिला दुसऱ्या मजल्यावर नेलं.

तिनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“घरी त्यांनी हे कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “आईलाही नाही. लहानपणी आम्हाला ते डेर आल्टेच्या गोष्टी सांगायचे. चुंबकाच्या. आम्हाला तो आमच्या घरातला वाटायचा.” मग माझ्याकडे वळली. “ते नव्वदीचे होते. तुम्ही त्यांना असं करू दिलंत? माझी नातवंडं इथे चष्मा करायला येतात. त्यांनी हे वाचायचं?”

मी म्हटलं, “त्यांनी स्वतः सांगितलं होतं. व्यवस्थापनानं नको म्हटलं तरी.”

“हे काढता येतं का?”

“चार स्क्रू आहेत,” मी म्हटलं. खरं होतं ते. “तुम्ही कुटुंबातर्फे अर्ज केलात तर व्यवस्थापन लगेच काढेल. त्यांना मुळात नकोच होतं.”

ओपीचं दार उघडलं, एका रुग्णाला खाटेवरून बाहेर नेलं, दार मिटलं. ती भिंतीला लागून सरकली, त्यांना वाट दिली. पुन्हा पाटीसमोर येऊन उभी राहिली. वडिलांच्या नावावर तिनं बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिली.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे.”

मग तिनं मला ट्रामचा थांबा विचारला, आणि जिन्यानं खाली उतरून गेली.